कॉम्प्युटरची हळद

सीडी रायटरच्या बटणाभोवतीच्या खाचेत अजून हळद आहे. माळ्यावर इतकी वर्षं पडून त्याचं रबरी बूड वितळून चिकट झालं, वायरीला उंदरांनी दात लावले, वरचं नाव पुसलं गेलं. हळद मात्र जशीच्या तशी. मी ओल्या फडक्याने पुसून पाहिली, टाचणीने खरवडून पाहिली, शेवटी नाकाशी नेऊन हुंगली. माझ्या वयात वास येत नाहीत, आठवतात. पण तो आठवलेला वास इतका खरा होता की मी शिडीवरच बसून राहिलो.

खालून बायको ओरडली, "सापडलं का? की तिथेच डोळा लागला?"

"सापडलं," मी म्हणालो.

तिला वाटलं कॅसेटी सापडल्या, कारण मी कॅसेटी शोधायला वर चढलो होतो. माझी आतेबहीण गुलाब, तिच्या नातीचं लग्न रविवारवर आलं होतं. आमच्या गावातल्या प्रत्येक लग्नात धवल्याची एक सीडी वाजते. धवला म्हणजे आमच्याकडची लग्नाची गाणी, आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. सीडीवरचा आवाज गुलाबच्या आईचा, म्हणजे माझ्या मथुरीआत्याचा. गावची शेवटची धवलारीण ती. सीडी आता घासून घासून अडखळायला लागली होती. गुलाबने निरोप धाडला की दादाकडे मूळ आवाज असेल, त्यावरून नवीन करून घ्या, आणि पाठवणीचा धवला तर हवाच.

मूळ आवाज माझ्याकडे आहे हे खरं. तो कोणाचा, एवढंच सांगायचं राहून गेलं.

आमचं गाव वसईच्या पूर्वेला, मिठागराच्या कडेला. आता तिथे टॉवरच्या सावल्या दुपारीच अंगणात येतात. तेव्हा सावली एकच असायची, बांधावरच्या चिंचेची. भात कापून झालं, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या की लग्नं सुरू व्हायची, आणि लग्नं म्हणजे माझा धंदा. मांडव आणि लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं माझं दुकान होतं. पेंढ्याचा कोरडा गोड वास, मिठागराकडून येणारा ओलसर खारा वारा, तापलेल्या ॲम्प्लिफायरवर जळणारी धूळ आणि त्या सगळ्यावर कांडलेली ओली हळद. या चार वासांतून आमच्या गावचा हिवाळा बनलेला होता. थंडी अशी फारशी पडायचीच नाही.

कर्णा मी चिंचेवर चढवायचो. मग माईक हातात घेऊन, "हॅलो, हॅलो, माईक चेक." गाव त्याचीच वाट पाहत असायचं, कारण माईक तपासताना मी नकला करायचो. सरपंचांची, बोहारणीची, मथुरीआत्याची. आत्याची सगळ्यांत हुबेहूब. तिचा आवाज नाकातून निघायचा, ओळीच्या शेवटी विहिरीतून वर येणाऱ्या बादलीसारखा हिंदकळायचा आणि मग एक बारीक खोकला. मी एवढं केलं की हळद कांडणाऱ्या बायका मुसळं टाकून हसायच्या. आत्या आतून ओरडायची, "हऱ्या, मेल्या, मी जिती हाय अजून!"

ती धवला म्हणायला बसली की मात्र कोणी हसत नसे. भिंतीला पाठ टेकून, एक गुडघा उभा करून, समोर समई. हळदीचा धवला, तेलाचा धवला, नवऱ्याच्या बहिणीला टोमणे मारणारा धवला, शेवटी पाठवणीचा. मी कॅसेटींवर तिला पुष्कळदा पकडली. पण लग्नातलं ते रेकॉर्डिंग. तिच्या आवाजावर फटाके, त्यावर बँडवाला, त्यावर "वऱ्हाडी मंडळींनी जेवायला बसून घ्यावं", आणि हे शेवटचं तर मीच म्हटलेलं. पाठवणीला तर बँडखाली तिचा एक शब्द कळत नसे.

मग आमच्या घरी कॉम्प्युटर आला.

बायकोचा भाऊ अनंतराव एव्हरशाईन सिटीत राहायचे. फोर्टातल्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, आणि तो हुद्दा घरातही उतरवून ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना रिक्षात मांडीवर घेऊन आमच्याकडे आणला. निळसर पारदर्शक पाठीचा, गोल, एखाद्या बाळसेदार पोरासारखा. बाकीच्यांच्या कॉम्प्युटरला डबा वेगळा आणि टीव्ही वेगळा असायचा. याला वेगळं काही नव्हतंच.

"भावोजी, यात सगळं एकातच आहे," अनंतराव म्हणाले. "ऑल इन वन. तुम्हाला कशाची म्हणजे कशाची गरज पडणार नाही."

"यात सीडी बनवता येते?"

"सीडी वाजते ना."

"वाजते, पण बनते का?"

अनंतरावांनी चहाचा घोट घेतला. "ते सोडून सगळं आहे."

मला नेमकं तेच हवं होतं. आत्या थकली होती. तिचे धवले एकदा स्वच्छ, फटाक्यांशिवाय, सीडीवर घ्यायचे असं माझ्या मनाने घेतलं होतं. त्यासाठी सीडी रायटर लागतो हे मला कळलं होतं, आणि दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरात तो डब्याचं झाकण उघडून आत बसवतात हेही. मी पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन आमच्या निळ्या बाळासमोर बसलो. चारी बाजूंनी फिरवला. उलटा घातला. त्याला झाकणच नव्हतं. फणसाला जसं दार नसतं तसं. लाऊडस्पीकरच्या धंद्यात जी वस्तू उघडता येत नाही तिच्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. तरी एक स्क्रू हाताला लागलाच, तो काढला, आणि आतून टीव्हीच्या नळीने मला असा झटका दिला की मी थेट तांदळाच्या पिंपाला जाऊन टेकलो.

"सगळं एकातच आहे," बायको म्हणाली. "करंटसुद्धा."

शेवटी मुंबईतल्या एका दुकानदाराने सांगितलं की याच्या पोटात काही जाणार नाही, बाहेरून जोडायचा रायटर घ्या. तो घेऊन आलो. काळा, चपटा, जेवणाच्या डब्याएवढा. एक वायर विजेला, एक वायर कॉम्प्युटरला. टेबलावर कॉम्प्युटरच्या शेजारी तो ठेवला तेव्हा धष्टपुष्ट नवरीशेजारी बारका नवरा उभा करावा तसं दिसलं. हे तेव्हा माझ्या मनात आलं नव्हतं. ते गुलाबने बोलून दाखवलं.

त्याचं झालं असं. मी आत्याला घेऊन आलो. गुलाब तिचा हात धरून आली. गुलाब माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, गावातच दिलेली, तोंडाने फटकळ. मी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, माईक आत्यासमोर धरला आणि म्हटलं, "आत्या, म्हण."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "काय म्हनू?"

"धवला. हळदीचा."

"लगीन कोनाचं?"

"कोणाचं नाही. नुसतं रेकॉर्डिंग."

आत्याने पदर सावरला आणि उठायलाच लागली. "मांडव नाय, हलद नाय, नवरी नाय, आनि धवला? येडा झालास कं? बिनलग्नाचा धवला म्हटला त घरातलं मानूस जातं."

मी समजावलं. बायकोने चहा दिला. मी तिला रायटर दाखवला, वायर दाखवली, हे याला जोडलं की तुझा आवाज कायमचा राहील असं सांगितलं. आत्याने मान हलवली. धवला लग्नात म्हणायचा. लग्न नसलं तर तो तिला आठवतसुद्धा नाही, असं ती म्हणाली. मला तो बहाणा वाटला.

तेव्हा गुलाब कंटाळून म्हणाली, "आये, मंग याचंच लगीन समज. ही घे नवरी, निली साडी नेसलेली. हा नवरा. वायरीनं गाठ मारतात, दादा बोलला ना आता."

मी हसलो. बायको हसली. आत्या हसली नाही. तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग रायटरकडे पाहिलं. 

"नवरा बारका हाय," ती म्हणाली.

"पन कमावता हाय," गुलाब म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर मांडव पडला. माझ्या दुकानातले बांबू होतेच. आत्याने उंबराची फांदी मागितली, ती आणली. हळद कांडली, खरीखुरी, उखळात, आणि बायका जमल्या. शेजारच्या आळीत कळलं की हरीच्या घरी कॉम्प्युटरचं लग्न आहे, तेव्हा दोघीतिघी नव्या साड्या नेसून आल्या. एकीने आहेराला टॉवेल आणला.

आत्या भिंतीला पाठ टेकून बसली. गुडघा उभा. समई लावली. आधी नवरीला हळद. तिने बोटाने त्या काचेवर दोन्ही गालांच्या जागी पट्टे ओढले. मग नवऱ्याची पाळी. तिने रायटरला हळद लावताना बोट नेमकं बटणावर पडलं आणि सुर्रर करून ट्रे बाहेर आला.

बायका किंचाळल्या.

"हात पुढं केलान," आत्या शांतपणे म्हणाली. "रीत माहीत हाय त्याला." आणि तिने त्या ट्रेवर सुपारी ठेवली. मी वेळीच काढली म्हणून बरं. कारण लगेच तिने बटण पुन्हा दाबलं आणि नवऱ्याने हात मागे घेतला.

अक्षता पडल्या त्या बऱ्याचशा कीबोर्डात गेल्या. पुढे आयुष्यभर तो कीबोर्ड शब्दांत जागा सोडायला तयार नसे; त्याच्या लांब बटणाखाली तांदूळ अडकले होते. पण त्या दिवशी मला कशाचं भान नव्हतं. आत्या म्हणत होती. सगळे धवले, एकामागून एक, बांधावरून पाणी वाहावं तसे. खिडकीबाहेर कावळासुद्धा ओरडला नाही. शेवटी पाठवणी. आता नवरी कुठे जाणार होती? टेबलावरच बसलेली. तरी बायकांनी डोळ्याला पदर लावला.

आयस भरते घागर गो, घागर भरत नाय
लेक चालली सासरी गो, पाठी वलत नाय.

बापूस लावतो उघाडी गो, भरती थांबत नाय
लेक चालली सासरी गो, पाठी वलत नाय.

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी अडवायचं बांधातलं दार. तिसरं कडवंही होतं. ते आत्याने म्हटलं, मी समोर बसून ऐकलं, आणि माझं सगळं लक्ष पडद्यावर आवाजाची जी रेघ थरथरत होती तिच्याकडे होतं. ती रेघ अजून आठवते. कडवं नाही.

आत्या गेली ती त्याच उन्हाळ्यात, झोपेतच. गुलाबने कोणालाही रडू दिलं नाही, सगळ्यांच्या आधी स्वतःच रडली. मग मला म्हणाली, "दादा, बाराव्याला आयसची सीडी लाव. तिची पाठवनी तिच्याच आवाजात व्हऊ दे."

"लग्न नसताना?"

"सीडी थोडीच गाते? ती वाजते," गुलाब म्हणाली. तिचा हा निवाडा गावाने मान्य केला आणि तिथून सगळं सुरू झालं.

मी सीडी करायला बसलो. आमची ती जोडी फार सावकाश काम करायची. सीडी होत असताना कोणी चाललं तरी बिघडेल अशी मला धास्ती, म्हणून बायकोला फोडणीसुद्धा द्यायला बंदी. त्याआधी एकेक धवला ऐकून घेतला. हळद ठीक. तेल ठीक. टोमणे ठीक. पाठवणीवर बोट ठेवलं आणि कॉम्प्युटरमधून माझाच आवाज आला.

"हॅलो, हॅलो. माईक चेक."

मी पुन्हा लावलं. "हॅलो, हॅलो. माईक चेक."

जन्मभराची सवय. माईक हातात आला की तपासायचा. मधे कधीतरी मी नवीन माईक आणून जोडला होता, तपासला होता, आणि कॉम्प्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं. आमच्या धंद्यात शंका आली की होय म्हणायचं, गिऱ्हाईक खूष राहतं. मी होय म्हणालो होतो. कर्ण्यावर हॅलो म्हटलं तर ते वाऱ्यावर जातं, कोणाचं काही पुसत नाही. कॉम्प्युटरवर ते नेमकं आत्याच्या पाठवणीवर जाऊन बसलं.

बायको भावाकडे गेली होती. बाहेर टळटळीत दुपार, अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. मी खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. भिंतीला पाठ टेकली, एक गुडघा उभा केला. का केला कोण जाणे. आवाज त्या गुडघ्यातूनच येत असावा.

पहिली दोन कडवी मला येत होती. आवाज तर माझा हातखंडाच. नाकातून काढला, बादली हिंदकळवली. तिसऱ्या कडव्याशी आलो आणि समोर नुसती ती थरथरती रेघ. थांबता येईना. मग जे तोंडात आलं ते म्हटलं:

भाऊस बसला बांधावर गो, म्हनतो रडत नाय
डोल्यात गेलं मीठ त्याच्या, कोनी पुसत नाय.

हे मी जुळवलं नाही. गुलाबच्या लग्नात तिची पाठवणी होताना मी ॲम्प्लिफायर सोडून मिठागराच्या बांधावर जाऊन बसलो होतो. वाऱ्याने खरंच मीठ उडत होतं की नाही, ते मी आजही सांगणार नाही.

शेवटी आत्याचा बारीक खोकलाही टाकला. कारागिराला कुठे थांबावं ते कळत नाही.

बाराव्याला सीडी वाजली. तिसऱ्या कडव्याला सगळं अंगण हुंदके द्यायला लागलं. खोकल्याला तर अनंतराव, जे आमच्या आत्याला उभ्या आयुष्यात एकदा भेटले होते, तेही चष्मा पुसायला लागले. "काय क्वालिटी आहे!" ते म्हणाले. "आमच्या ऑल इन वनची कमाल."

मी तेव्हाच सांगणार होतो. पण रडणाऱ्या माणसांना मधेच कसं थांबवायचं? मग वाटलं, महिन्याने सांगू. महिन्याने गावात लग्न निघालं आणि सीडी मागायला लोक आले. पुढे नालासोपाऱ्याला दिलेल्या मुलींनी एकेक नेली. राजोडीकडच्या सोयऱ्यांनी नेली. भावांना तर ते कडवं इतकं आवडलं की पाठवणीला भावाने जरा बाजूला जाऊन बसायचं आणि कोणीतरी त्याला हाताला धरून आणायचं अशी रीतच पडली. लोक म्हणायचे, फार जुनी रीत आहे. एका लग्नात नवरीचा भाऊ जेवायला बसलेला होता तर त्याला पानावरून उठवून बांधावर नेऊन बसवला. मी बघत होतो. मला तोंड उघडायची सोय नव्हती.

मिठागर बंद झालं. चिंच तोडली. कर्णे गेले, डीजे आला, माझं दुकान मोबाइलच्या दुकानाला गेलं. कॉम्प्युटर आणि रायटर माळ्यावर गेले, शेजारी शेजारी, गाठ न सोडता. गाणं मात्र राहिलं. आणि गुलाबच्या घरून रोज सकाळी ते ऐकू यायचं. आईच्या फोटोला हार घालताना ती सीडी लावायची. मी त्या वेळी आंघोळीला जायचो आणि नळ मोठा सोडायचो.

शिडीवरून उतरलो, रायटर काखेत मारला आणि तसाच गुलाबकडे गेलो. ती ओट्यावर बसून लग्नाचे तांदूळ निवडत होती.

"कॅसेट गावली, दादा?"

"गुलाब, आधी सूप खाली ठेव."

मी सगळं सांगितलं. माईक, हॅलो, दुपार, गुडघा, बांध. ती ऐकत होती. हात तांदळात तसाच.  मग हळूहळू तिचं तोंड लाल व्हायला लागलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "येवढी वर्सं मी आयसच्या फोटूला हार घालून तुझा आवाज ऐकत व्हती?"

"हो."

"रोज सकाली? तुझ्या पाया पडत व्हती?"

"मी नळ सोडायचो."

"मुडद्या!" तिने मूठभर तांदूळ माझ्या अंगावर फेकले. "तो खोकला पन तुझाच?"

"तोही."

"त्या खोकल्यासाठी मी फोटूपुढं खडीसाखर ठेवायची रं!"

ती हसते आहे की रडते आहे ते मला कळेना, आणि मला वाटतं तिलाही. मग तिने पदराने तोंड पुसलं. "बरं. मंग तिसरं खरं कडवं काय?"

"तेच तर मला आठवत नाही. तुला येत असेल. लहानपणापासून तिच्या मांडीशी बसलीस तू."

"येतं ना. मना नाय येनार त कोनाला येनार?" ती ताठ बसली. "मामाचं हाय ते. मामा काहीतरी आनतो. ऐक." आणि तिने सुरू केलं. पहिलं कडवं, दुसरं. मला धक्का बसला तो वेगळाच. गुलाबला गाता येत होतं. आत्यासारखं नाही, जाड, खडबडीत, पण आतून. आत्यानंतर धवलारीण तीच व्हायची होती. रीतीने तिलाच बोलावणं गेलं असतं. पण सीडी आली. सीडी चहा मागत नाही, रुसत नाही. तिला कोणी विचारलंच नाही, आणि ती प्रत्येक मांडवात गप्प बसून माझा आवाज ऐकत राहिली. पाठवणीच्या चोरीने मी इतकी वर्षं पोखरून निघालो होतो, आणि ही दुसरी चोरी मला दिसलीही नव्हती.

तिसऱ्या कडव्याला तिने श्वास घेतला. "भाऊस बसला बांधावर गो..."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटून पुन्हा दुसऱ्या कडव्यापासून आली. "लेक चालली सासरी गो, पाठी वलत नाय. भाऊस बसला..."

"अरे द्येवा," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा तिने नुसतं "मामा" असं मोठ्याने म्हणून सुरुवात केली. मामा आला आणि लगेच बांधावर जाऊन बसला. गुलाबने कपाळावर हात मारला. रोज सकाळी, इतकी वर्षं. माझं मीठ तिच्या आईच्या कडव्यावर असं साचलं होतं की खालची जमीनच दिसेना.

मी तिच्या शेजारी ओट्यावर टेकलो. कोंबड्या येऊन माझ्या अंगावरून सांडलेले तांदूळ टिपत होत्या.

"रविवारी सीडी नको," ती शेवटी म्हणाली. "मी गाते."

"आणि तिसरं?"

"तिसरं तुजं हाय. तू म्हन. आनि बाईच्या आवाजात नाय. तुज्या."

"चारचौघांत? बायकांमध्ये बसून?"

"चोरी करताना बायकांचा आवाज चालला, आता बायका नको झाल्या?"

रविवारी मी बसलो. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, हळदीने माखलेल्या बायकांच्या रांगेत, गुडघे दोन्ही दुखत असल्यामुळे एकही उभा न करता. पोरी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. बायको पहिल्या रांगेत येऊन बसली होती. तिला यातलं काही चुकवायचं नव्हतं. अनंतरावांनी विचारलं, सीडी बिघडली का? 

गुलाबने दोन कडवी म्हटली. पहिल्याच ओळीला हसणं थांबलं. मग ती माझ्याकडे वळली.

माझा स्वतःचा गाण्याचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तो घोगरा आणि भेदरलेला निघाला. भाऊस बांधावर बसला तेव्हाच फाटला. डोळ्यांत मीठ गेलं तिथे त्याने पुरता दगा दिला, आणि खोकला आला तो खरा.

मी मान खाली घातली. म्हटलं, संपलं. पण गुलाब थांबली नव्हती. माझ्या खोकल्यातून तिने तोच सूर उचलला आणि पुढे म्हणाली. मामा आला होता. कडवं आपल्या आपण तिच्या तोंडून निघत होतं आणि ती स्वतःच डोळे मोठे करून ते ऐकत होती. मांडव होता, हळद होती, नवरी होती, आठवलं.

आणि मला ऐकू आलं नाही. जन्मभर कर्ण्याशेजारी काढलेले कान. शेजारी पोरी हुंदके देत होत्या, मी नाक शिंकरत होतो. "मामा" ऐकलं, "व्हडी" म्हणजे होडी, असं काहीतरी ऐकलं, आणि दारात बँडवाल्याने ताशा ठोकला. मोबाइल सगळ्यांच्या हातात होते. सगळे नवरीवर रोखलेले.

मांडव उतरल्यावर मी गुलाबला गाठलं. "परत म्हण. एकदाच."

तिने ओठ हलवून पाहिले. मग मान हलवली. "गेलं. आता पुढल्या लग्नात."

गावात सध्या लग्नाच्या वयाची तीन पोरं आहेत. तिघांच्याही घरी मी या आठवड्यात चहा पिऊन आलो. एकाला मुलगीच पसंत पडत नाही म्हणतात. उद्या सकाळी त्याच्या बापाशी जरा नीट बोलणार आहे.